दुकानातील संगणकाची ‘सिस्टीम’ बदलावी काय?

व्यापारी व कारागीर बंधूंनो,

कुरआन मजीदमधील सर्वांत लांब आयत सूरह बकराची २८२ वी आहे, आणि तिचा विषय उधारीच्या देवघेवीची लिखापढी हा आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ठराविक मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी तिची शिकवण आहे. आपल्या वाडवडिलांनी ती लाल कापडाच्या वहीत पाळली. आपण ती संगणकात पाळतो. फरक एवढाच की, वही कपाटात ठेवली की काम संपत होते. संगणकातील वही मात्र ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीनच दर काही वर्षांनी जुनी होते. त्या जमिनीचे नाव ऑपरेटिंग सिस्टीम.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या सिस्टीमची नियमित देखभाल बंद केली. आपल्या बाजारपेठेत अनेक पेढ्यांवर हीच सिस्टीम चालत आली आहे. सबब, नवीन विंडोज घ्यावी, नवा संगणक घ्यावा, फुकट मिळणाऱ्या ‘लिनक्स’कडे जावे की जसे आहे तसे चालू ठेवावे, असे प्रश्न पडणे साहजिक आहे. आम्ही संगणकाचे तज्ज्ञ नाही, कापडाचे व्यापारी आहोत. पण हा निर्णय मेकॅनिकवर सोडण्यासारखा नाही, तो दुकानदाराने स्वतः घ्यावयाचा आहे, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. तेच येथे धड्याच्या रूपाने मांडत आहोत.

सिस्टीम म्हणजे काय, आणि ‘मुदत संपली’ म्हणजे काय?

सिस्टीम म्हणजे मार्केटची इमारत समजा. टॅली, इनपेज, डिझाइनचा प्रोग्रॅम, इंटरनेटचा ब्राउझर हे त्या इमारतीतील गाळे. गाळेवाला भिंत, वीज, पाणी, दरवाजा इमारतीकडून घेतो. म्हणूनच एका इमारतीसाठी बांधलेला गाळा उचलून दुसरीत बसवता येत नाही. विंडोजसाठी तयार केलेला प्रोग्रॅम लिनक्सवर आपोआप चालत नाही, त्याचे कारण हेच.

मुदत संपली म्हणजे इमारत पडली असे नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक नेहमीप्रमाणे सुरू होतो, बिलेही निघतात. फक्त दुरुस्ती करणारा निघून गेलेला असतो. एखाद्या कुलपाची खोट बाहेरच्या चोरांना कळली, तर ते कुलूप बदलून देणारा आता कोणी नाही. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी. तेव्हाही दुकाने बंद पडली नाहीत. आणि म्हणूनच पुष्कळांनी तिकडे लक्ष दिले नाही.

धोका कागदावरचा नाही

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस जगभर पसरला. दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने कुलूपबंद केले आणि किल्लीसाठी पैसे मागितले. इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, ज्या खोटेतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवून घेतली नाही, किंवा ज्यांच्या सिस्टीमची मुदत संपल्याने ती त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही, ते सापडले.

लगेच पुढच्या महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ आला. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशोबाच्या प्रोग्रॅमच्या अपडेटमधून झाली. तेथून तो जगातील मोठ्या जहाज कंपनीपर्यंत गेला, आणि आपल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळित झाले. कंटेनर अडकले, माल वेळेवर सुटेना. युक्रेनमधल्या हिशोबनिसाच्या टेबलावरची आग महाराष्ट्राच्या बंदरापर्यंत आली.

यातून दोन धडे निघतात. दुरुस्ती मिळत राहील अशीच सिस्टीम असावी. आणि केवळ तेवढ्याने भागत नाही, हिशोबाची वेगळी प्रत असलीच पाहिजे. कारण कधी कधी संकट अपडेटच्याच दारातून येते.

आमच्यावर काय गुजरले

आता आमची चूक सांगतो. सन २०१६ पर्यंत आमच्या पेढीवर एक जुना संगणक होता. त्यावरची सिस्टीम मुदत संपलेली होती आणि तीही चोरीची प्रत. बसवणाऱ्याने सांगितले होते, “सेठ, अपडेट बंद ठेवा, नाहीतर पकडले जाईल.” आम्ही बंद ठेवले. वहीची नक्कल पेनड्राइव्हवर घेत होतो, पण तो पेनड्राइव्ह दिवसरात्र त्याच संगणकाला लावलेला असे.

एके सकाळी पडद्यावर इंग्रजीत पैशांची मागणी आली. सर्व फायली कुलूपबंद. पेनड्राइव्हवरची नक्कलही कुलूपबंद. आम्ही पैसे दिले नाहीत. दिले असते तरी किल्ली मिळाली असती याची हमी नव्हती.

व्यापाऱ्यांकडील येणे आम्ही हळूहळू उभे केले. बिलबुके होती, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या होत्या, बँकेचा उतारा होता. बहुतेक पार्ट्यांनी आपापल्या वहीतून रकमा कळवल्या. अल्लाहचे शुक्र, तेथे फारसे बुडाले नाही. अवघड गेले ते आमच्याकडील देणे. आमच्या मालावर मजुरीने विणणारे एक म्हातारे गृहस्थ होते, घरी चार यंत्रमाग. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. आठवड्याला थोडी उचल घ्यायची आणि ईदच्या आधी पुरा हिशोब करायचा, अशी त्यांची रीत. ते आले, बसले आणि म्हणाले, “सेठ, माझी वही तुमच्याकडेच होती.”

आम्ही तागे मोजले, मुनीमजींच्या आठवणी विचारल्या, अंदाजाने थोडे वर धरून रक्कम काढली आणि दिली. त्यांनी ती न मोजता खिशात ठेवली. ती पुरी होती की कमी, हे आम्हाला आजतागायत माहीत नाही. ते गृहस्थ आता हयात नाहीत.

म्हणून आम्ही म्हणतो की, सिस्टीमचा प्रश्न हा यंत्राचा कमी आणि अमानतीचा जास्त आहे. आपल्या संगणकात केवळ आपले येणे नसते, दुसऱ्याचे देणेही असते. आणि ज्याचे देणे असते, त्याच्याकडे पुष्कळदा दुसरी वही नसते.

समोर असलेले चार रस्ते

पहिला रस्ता: याच संगणकावर विंडोज ११. अस्सल विंडोज १० असेल आणि यंत्र पात्र असेल, तर हा बदल विनामूल्य आहे. पात्रतेच्या मुख्य अटी अशा: किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षेची सोय, ‘सिक्युअर बूट’, आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतील प्रोसेसर. इंटेलचा असल्यास ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा आणि एएमडीचा असल्यास रायझन २००० मालिकेपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा मोफत प्रोग्रॅम चालवला की यंत्र पात्र आहे की नाही ते कळते. येथे एक सावधगिरी बाळगा. पुष्कळ यंत्रांत टीपीएम असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. इंटेलच्या यंत्रात ते ‘पीटीटी’ या नावाने आणि एएमडीच्या यंत्रात ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. केवळ ते चालू न केल्यामुळे चांगला संगणक ‘नापास’ ठरवून नवा विकणारेही आहेत. तसेच, अपात्र यंत्रावर युक्तीने विंडोज ११ चढवून देणारेही आहेत. ते चढते, चालतेही. पण पुढील दुरुस्त्या मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी बदल करायचा तेच कारण फसते.

दुसरा रस्ता: नवा संगणक. खर्च मोठा, पण कटकट कमी. घेताना विंडोजचा परवाना बिलात लिहून घ्या. संगणकाबरोबर येणारा परवाना सहसा त्याच यंत्राशी बांधलेला असतो. जुन्या यंत्रावरून नव्यावर नेता येत नाही.

तिसरा रस्ता: लिनक्स. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली याचा गाभा लिहिला आणि जगाला खुला दिला. आज उबुंटू, मिंट अशा अनेक नावांनी तो मिळतो. आपल्या सी-डॅक संस्थेनेही ‘बॉस’ नावाची आवृत्ती काढली आहे. किंमत नाही, प्रती कितीही वाटा, कायद्याने पूर्ण मोकळीक. जुन्या यंत्रावरही चालतो; मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. पण लिनक्स घेतला म्हणजे मुदतीचा प्रश्न कायमचा मिटला, असे समजू नका. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीलाही नेहमीची देखभाल पाच वर्षेच मिळते. एप्रिल २०२४ ची आवृत्ती घेतली तर २०२९ पर्यंत. मग पुढची घ्यावी लागते. पैसे मात्र पडत नाहीत.

चौथा रस्ता: जागेवरच थांबणे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची योजना काढली. घरगुती ग्राहकांसाठी ती जाहीर करताना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत सांगितली गेली. कंपन्यांसाठी ती तीन वर्षांपर्यंत, पण दरवर्षी दुप्पट होणाऱ्या शुल्काने. ही भाड्याने घेतलेली सवड आहे, घर नव्हे. विचार करायला वेळ हवा म्हणून घ्यावी, विचार टाळण्यासाठी घेऊ नये.

पाचवा रस्ता हा रस्ताच नाही

बाजारात पाचवा रस्ताही दाखवला जातो: चोरीची प्रत. “सगळेच वापरतात, कोण विचारतो?” कायदा विचारतो. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६३-ब आले. जाणूनबुजून प्रोग्रॅमची चोरीची प्रत संगणकावर वापरल्यास कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून केवळ दंड लावू शकते. आपला वापर मात्र धंद्यासाठीच असतो, म्हणून ती सवलत आपल्याला नाही.

आणि कायद्याच्या वर जो हिशोब घेणार आहे, त्याचे काय? इस्लामी परिषद संघटनेच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील बैठकीत ठराव केला की, लेखन, शोध, व्यापारी नाव यांवरील हक्क हे शरीअतच्या दृष्टीने खरे हक्क आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नाही. आपण कोणी आपल्या डिझाइनची नक्कल केली तर संतापतो. मार्क्याची नक्कल झाली तर वकील करतो. मग दुसऱ्याच्या मेहनतीला वेगळे माप कसे लावणार? शिवाय ज्या दारातून चोरीची प्रत येते, त्याच दारातून व्हायरसही येतो. आमच्याकडे तो तसाच आला असावा. इंटरनेटवर चार-पाचशे रुपयांना मिळणारी ‘किल्ली’ ही बहुधा याच जातीची असते. पक्के बिल मागा, मग कळेल.

ज्याची ऐपत नाही, त्याला लिनक्सचा हलाल रस्ता मोकळा असताना चोरीला मजबुरी म्हणता येत नाही.

आधी यादी, मग सिस्टीम

आता मुख्य गोष्ट. कोणती सिस्टीम चांगली, हा वाद सोडून द्या. एक कागद घ्या आणि संगणकावर आपण आठवडाभर कोणकोणती कामे करतो, ती लिहून काढा. प्रत्येक कामापुढे लिहा: हे काम ब्राउझरमध्ये होते की खास प्रोग्रॅममध्ये? खास प्रोग्रॅम असेल तर तो कोणत्या सिस्टीमवर चालतो? यादी पुरी झाली की उत्तर बहुधा स्वतःहून समोर येते. नमुन्यादाखल काही कामे पाहू या.

जीएसटीचे विवरण, ई-वे बिल, बँकेचे व्यवहार, व्हॉट्सअॅप: ही सर्व ब्राउझरमध्ये होतात, लिनक्सवरही होतात. एकट्या मालकीची पेढी विवरणाला मोबाइलवरील ओटीपीने मंजुरी देऊ शकते. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सहीचे यूएसबी टोकन लागते. ते नव्या सिस्टीमवर चालते की नाही, हे आपल्या सीएसमोर एकदा प्रत्यक्ष लावून पाहावे.

पत्रे, दरपत्रके, एक्सेलचे तक्ते: लिनक्सबरोबर ‘लिबरऑफिस’ मिळते, ते या फायली उघडते. साध्या तक्त्याला अडचण नाही. मॅक्रो घातलेला गुंतागुंतीचा तक्ता असेल तर तपासून घ्या.

वहीखाते: टॅलीची जन्मकथा आपल्या धंद्याजवळची आहे. श्यामसुंदर गोयंका हे कापड गिरण्यांना व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत असत. मनासारखा हिशोबाचा प्रोग्रॅम मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भारत गोयंका यांना, तो तयार करण्यास सांगितले. १९८६ साली बंगळूरला कंपनी निघाली. तेव्हा तो डॉसवर चालत होता; पुढे विंडोजवर आला आणि आजही तो विंडोजसाठीच आहे. ‘वाइन’ नावाच्या युक्तीने लिनक्सवर तो चालवणारे आहेत, पण बिघाड झाला तर कंपनीकडे दाद मागता येत नाही. वहीखाते अशा उसन्या पायावर ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उर्दू छपाई: लग्नपत्रिका, पोस्टर, साप्ताहिके करणाऱ्या प्रेसवाल्या बांधवांचे सर्व काम इनपेजवर. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने उर्दूला यंत्रावर सुंदर अक्षर दिले, आणि १९९४ पासून इनपेजने ते टेबलाटेबलावर पोहोचवले. तोही विंडोजचाच प्रोग्रॅम. जुन्या इनपेजच्या फायली युनिकोडमध्ये नाहीत, त्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये सरळ उघडत नाहीत. मराठीच्या जुन्या फॉन्टांतील फायलींचेही तसेच. अशा बांधवांनी सिस्टीम बदलण्याआधी जपण्यासारख्या फायली युनिकोडमध्ये व पीडीएफमध्ये काढून ठेवाव्यात.

भरतकाम आणि जॅकार्डचे डिझाइन: असे बरेचसे प्रोग्रॅम विंडोजवरचे आणि डोंगल लावून चालणारे असतात. नवी सिस्टीम घातल्यावर जुना डोंगल चालला नाही, तर मशीन उभे राहते आणि कारागिराची रोजी जाते. अशा ठिकाणी जुनी सिस्टीम तशीच ठेवावी, पण त्या संगणकाची इंटरनेटची वायर कायमची काढून टाकावी. डिझाइन तपासलेल्या पेनड्राइव्हने न्यावे. हे संगणक त्या एका कामाचे अवजार समजावे. त्यावर ना बँक, ना व्हॉट्सअॅप.

प्रिंटर, बारकोड वाचणारे यंत्र, लेबलचे यंत्र: बारकोड वाचणारे यंत्र बहुधा कीबोर्डसारखेच काम करते, ते कोठेही चालते. प्रिंटरचे मात्र खात्रीने सांगता येत नाही. लावून पाहणे हाच उपाय.

मोठ्यांचे अनुभव

जर्मनीतील म्युनिक शहराच्या पालिकेने २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला. २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले. इतके करूनही २०१७ मध्ये पालिकेने परत विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. त्यात राजकारण होते, पण काही खात्यांचे खास प्रोग्रॅम विंडोजवरच अडकून राहिले, बाहेरच्या लोकांशी फायलींची देवघेव जमेना, अशा तक्रारीही होत्या. याउलट आपल्या केरळ राज्याने २००० नंतरच्या दशकात सरकारी शाळांचे संगणक शिक्षण लिनक्सवर आणले, शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण दिले, आणि ती व्यवस्था टिकली.

सिस्टीम दोन्हीकडे लिनक्सच. पण शाळेची कामे त्या सिस्टीमवर बसणारी होती आणि शिकवणाऱ्यांना आधी शिकवले गेले. पालिकेच्या खात्यांत सगळी कामे बसली नाहीत. दुकानालाही हाच नियम लागू आहे. मुनीमजींना आणि काउंटरवरच्या मुलाला न विचारता केलेला बदल महिनाभरही टिकत नाही.

आम्ही काय ठरवले

आमच्याकडे तीन संगणक होते. वहीखात्याचे यंत्र २०१६ चे, सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचे, म्हणून विंडोज ११ ला अपात्र. काउंटरवरचे २०१९ चे, नवव्या पिढीचे. ते टीपीएम बंद असल्यामुळे नापास दिसत होते, चालू केल्यावर पास झाले. तिसरे त्याहून जुने, ४ जीबीचे, दरपत्रके व ई-मेलसाठी.

यादी केल्यावर असे दिसले की, विंडोजची खरी गरज फक्त वहीखात्याला आहे. काउंटरवर बिले सोडली तर ब्राउझरचेच काम. आणि बिले वहीखात्याच्या यंत्रावरच करणे जास्त सोयीचे. म्हणून आम्ही २०१९ चे पात्र यंत्र विंडोज ११ करून वहीखात्याला दिले. २०१६ चे आणि तिसरे अशी दोन्ही यंत्रे लिनक्सवर नेली. नवा संगणक घ्यावा लागला नाही. जो पैसा वाचला, त्यातून बाहेर ठेवायच्या दोन हार्ड डिस्क आणि एक चांगला यूपीएस घेतला.

मुनीमजी पंधरा दिवस नाराज होते, कारण छपाईची खिडकी वेगळी दिसत होती. एक लेबल प्रिंटर लिनक्सवर चाललाच नाही. तो वहीखात्याच्या यंत्राकडे हलवला. एवढी अडचण धरूनच चालावे. आमचे उत्तर आपले उत्तर असेलच असे नाही. रीत मात्र हीच ठेवा.

बदल करण्याची पद्धत

१. आधी नक्कल. वहीखात्याच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक दुकानाबाहेर. नक्कल घेतली की ते साधन संगणकापासून काढून ठेवावे. आमची चूक विसरू नका.

२. नक्कल उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल म्हणजे न मोजलेली थैली. दुसऱ्या यंत्रावर ती उघडते का, मागील वर्षाची शिल्लक जुळते का, ते पाहावे.

३. जुनी वर्षे विसरू नयेत. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोब वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. बदलानंतरही ती वर्षे उघडली पाहिजेत.

४. लिनक्स बसवण्याआधी चाखून पाहावा. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर तो उतरवता येतो आणि संगणकाच्या डिस्कला हात न लावता त्यावरूनच चालवता येतो. प्रिंटर, वायफाय, मराठी-उर्दू टंकलेखन सर्व तपासावे. पटले नाही तर पेनड्राइव्ह काढला की जुनी सिस्टीम जशीच्या तशी.

५. वेळ निवडावी. मार्च अखेर नको, रमजानची घाई नको, लग्नसराई नको. दरमहा विवरण भरणाऱ्यांनी ११ आणि २० या तारखा उलटल्यावर काम काढावे.

६. महिनाभर जोडीने चालवावे. जुने यंत्र लगेच पुसू नये. महिन्याच्या शेवटी दोन्हींकडील शिल्लक जुळली, मगच पुसावे.

७. दर महिन्याला येणे-देण्याची यादी कागदावर छापून, सही करून कपाटात ठेवावी. कागदाला व्हायरस लागत नाही. आणि जे कारागीर बांधव आपल्या वहीवर विसंबून आहेत, त्यांना त्यांच्या हिशोबाची छापील प्रत दरमहा हातात द्यावी. वाचता येत नसेल तर घरातील शिकलेले मूल वाचून दाखवील.

या आठवड्याचे काम

एक कागद घ्या आणि चार प्रश्नांची उत्तरे लिहा. आपल्या संगणकावर कोणती सिस्टीम आहे आणि तिची मुदत कधी संपते? ती अस्सल आहे काय, तिचे बिल कोठे आहे? कोणती कामे विंडोजशिवाय होणारच नाहीत? आणि आज रात्री संगणक बंद पडला, तर उद्या सकाळी दारात उभ्या राहणाऱ्या मजुराला आपण त्याचा हिशोब कशावरून सांगणार?

पहिल्या तीन प्रश्नांत मेकॅनिक मदत करील. चौथ्याचे उत्तर आपल्यालाच द्यायचे आहे, येथेही आणि तेथेही. अल्लाह आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या वह्या साफ ठेवण्याची तौफिक देवो. आमीन.